खडे विरघळवणारे मीठ

होमिओपॅथीच्या कोणत्याही जुन्या मटेरिया मेडिकात लिलियम आणि लायकोपोडियम या दोन प्रसिद्ध औषधांच्या मधल्या जागेत एक लहानशी नोंद आढळते: लिथियम कार्बोनिकम. आपल्याकडे अनेक घरांतून वापरल्या गेलेल्या बोरिक यांच्या पुस्तकात ती जेमतेम पाऊण पानाची आहे. लहान सांध्यांतील वेदना, बोटांच्या सांध्यांवर येणाऱ्या गाठी, चालताना दुखणारे घोटे, गढूळ लघवी आणि तिच्या तळाशी बसणारा लालसर साका, उजव्या मूत्रपिंडाच्या जागी दुखणे, आणि या सगळ्याच्या जोडीला हृदयाची तक्रार. थोडक्यात, युरिक आम्लाच्या प्रकृतीच्या माणसाचे, म्हणजे गाउट आणि लघवीच्या तक्रारींचे हे औषध.

आता दुसरे पुस्तक उघडू. मानसोपचाराच्या कोणत्याही आधुनिक पाठ्यपुस्तकात लिथियम कार्बोनेट हे बायपोलर विकारावरचे, म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांच्यात हेलकावे खाणाऱ्या आजारावरचे, एक प्रमुख औषध म्हणून दिलेले असते. तिथे गाउटचा उल्लेख नसतो, मुतखड्याचा नसतो. पदार्थ मात्र तोच. एकच पांढरे मीठ दोन ग्रंथांत दोन अगदी वेगळ्या दुखण्यांसमोर लिहिले गेले. हे कसे झाले, याचा शोध घेत गेलो की एक चमत्कारिक इतिहास हाती लागतो. त्यात एक चुकीचा सिद्धांत आहे, त्या सिद्धांतावर उभा राहिलेला बाटलीबंद पाण्याचा व्यापार आहे, आणि त्याच सिद्धांताच्या वाटेने योगायोगाने सापडलेले एक खरे औषधही आहे.

श्रीमंतांचा वात

गाउट हा फार जुना आजार. पायाच्या अंगठ्याचा सांधा मध्यरात्री एकाएकी सुजतो, लाल होतो, आणि पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही. आपल्या आयुर्वेदात याच्याशी जुळणारे वर्णन 'वातरक्त' या नावाखाली येते. चरकसंहितेने त्याची जी पर्यायी नावे दिली आहेत, त्यांत 'आढ्यवात' असे एक आहे. आढ्य म्हणजे धनवान. युरोपातही गाउटला राजांचा रोग म्हणत. मांस, मद्य आणि बैठे आयुष्य ज्यांच्या वाट्याला आले त्यांनाच तो अधिक होई, हे निरीक्षण दोन्हीकडे स्वतंत्रपणे झालेले दिसते.

या आजारामागचे रसायन उलगडायला अठरावे शतक संपत आले. १७७६ मध्ये स्वीडनच्या कार्ल शील यांनी मूत्राशयातल्या खड्यांतून एक आम्ल वेगळे केले. खड्यातून निघाले म्हणून ग्रीक 'लिथॉस', म्हणजे दगड, या शब्दावरून त्याला लिथिक आम्ल असे नाव मिळाले. पुढे तेच युरिक आम्ल म्हणून ओळखले जाऊ लागले. १७९७ मध्ये इंग्लंडच्या विल्यम वॉलस्टन यांनी गाउटच्या रुग्णाच्या सांध्यांभोवती साचणाऱ्या खडूसारख्या गाठी तपासल्या आणि त्यांतही तेच आम्ल सोडियमशी संयोग पावलेले आढळले. सांध्यातली गाठ आणि मूत्रमार्गातला खडा ही एकाच कुळातली भावंडे ठरली. मटेरिया मेडिकात गाउट आणि लघवीच्या तक्रारी शेजारी शेजारी का बसतात, त्याचे मूळ या शोधात आहे.

एकदा दोन्हीकडे खडाच आहे असे ठरले की पुढचा प्रश्न आपोआप येतो. हा खडा विरघळवणारे काही मिळेल का?

दगडातून निघालेला धातू

याच सुमारास स्टॉकहोमजवळच्या उटो नावाच्या बेटावरील खाणीत एक नवे खनिज सापडले होते. त्याचे नाव पेटलाइट. १८०० साली त्याचे वर्णन करणारे खनिजशास्त्रज्ञ होते जुझे बोनिफासियो. हेच गृहस्थ पुढे ब्राझीलच्या स्वातंत्र्याचे एक शिल्पकार म्हणून इतिहासात गाजले. १८१७ मध्ये बर्झेलियस यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे तरुण रसायनशास्त्रज्ञ योहान आर्फवेडसन या पेटलाइटचे पृथक्करण करत होते. सर्व घटकांची बेरीज केली तरी ती शंभराला जाऊन मिळेना. काहीतरी हिशेबातून निसटत होते. ते निसटणारे द्रव्य म्हणजे एक नवा अल्कली धातू होता. सोडियम आणि पोटॅशियमचा हा धाकटा भाऊ वनस्पतींच्या राखेतून न निघता दगडातून निघाला, म्हणून बर्झेलियस यांनी त्याच्यासाठी पुन्हा त्याच 'लिथॉस' शब्दाचा आधार घेतला. तेच लिथियम.

म्हणजे योगायोग पाहा. खड्याच्या आम्लालाही दगडाचे नाव आणि या धातूलाही दगडाचेच नाव. दोघांचा काही संबंध नव्हता. पण चोवीस वर्षांनी, १८४१ मध्ये, लिपोविट्झ या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले की लिथियम कार्बोनेटच्या द्रावणात युरिक आम्ल उत्तम विरघळते. १८४३ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर युअर यांनी माणसाच्या मूत्राशयातून काढलेला खडा अशा द्रावणात ठेवून त्याचे वजन घटल्याचे नोंदवले आणि हे द्रावण थेट मूत्राशयात सोडता येईल असे सुचवले. त्या काळी मुतखड्याची शस्त्रक्रिया म्हणजे जिवावरचे संकट होते. भूल देण्याची पद्धत अजून रूढ व्हायची होती. सुरीविना खडा जाईल, ही आशा किती मोठी वाटली असेल याची आज कल्पना करणे कठीण आहे.

गॅरड यांचा प्रयोग

या आशेला शास्त्राची बैठक दिली ती लंडनच्या आल्फ्रेड बेअरिंग गॅरड यांनी. गाउटच्या इतिहासात गॅरड यांचे स्थान मोठे आहे. १८४८ मध्ये त्यांनी गाउटच्या रुग्णांच्या रक्तात युरिक आम्ल वाढलेले असते हे दाखवले. पुढे त्यांनी एक सोपी चाचणी बसवली. रक्तातला पातळ रस एका उथळ काचपात्रात घ्यायचा, त्यात थोडे ॲसेटिक आम्ल टाकायचे आणि लिननचा एक धागा सोडून द्यायचा. रक्तात युरिक आम्ल जास्त असेल तर काही काळाने त्या धाग्यावर त्याचे स्फटिक चिकटलेले दिसत. शरीरातल्या एखाद्या रासायनिक बिघाडाची रक्तावर केलेली ही एक अगदी आरंभीची चाचणी.

१८५९ मध्ये गॅरड यांचा गाउटवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात एक प्रयोग आहे. गाउटच्या रुग्णाच्या सांध्यातील कूर्चेचे, पांढऱ्या साक्याने माखलेले, छोटे तुकडे त्यांनी घेतले आणि ते लिथियम, पोटॅशियम व सोडियम यांच्या कार्बोनेटांच्या वेगवेगळ्या द्रावणांत ठेवले. दोन दिवसांनी पाहिले तर लिथियममधला तुकडा स्वच्छ झाला होता, पोटॅशियममधला काहीसा निवळला होता आणि सोडियममधला होता तसाच होता. यावरून गॅरड यांनी लिथियम कार्बोनेट पोटात देण्यास सुरुवात केली.

प्रयोग खरा होता, निरीक्षण अचूक होते, आणि निष्कर्ष तरीही चुकला. कारण काचेच्या भांड्यात लिथियमशिवाय दुसरे काही नव्हते. रक्तात मात्र सोडियमचा समुद्र असतो. आजच्या मापाने सांगायचे तर एक लिटर रक्तरसात सोडियम सुमारे १४० मिलिमोल असते. लिथियमचे प्रमाण एक-दीड मिलिमोलच्या पुढे गेले की विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. एका लिथियमच्या वाट्याला शंभराहून अधिक सोडियम, अशा गर्दीत युरिक आम्ल सोडियमच्याच गळ्यात पडते आणि त्याचा साका सांध्यात बसतो. सांध्यातले खडे विरघळवण्याइतके लिथियम रक्तात आणायचे तर खड्याआधी रुग्णच जाईल. हे समजायला बराच काळ जावा लागला. तोवर लिथियमची कीर्ती जगभर पसरली होती.

हेरिंग आणि मटेरिया मेडिका

होमिओपॅथीत लिथियम आले ते याच काळात. सॅम्युअल हानेमान यांचे निधन १८४३ मध्ये झाले. त्यांच्या औषधांत लिथियम नाही. ते आणले कॉन्स्टंटाइन हेरिंग यांनी. जर्मनीतल्या सॅक्सनीत १८०० साली जन्मलेले हेरिंग निसर्गाभ्यासासाठी दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाममध्ये गेले, तिथे १८२८ मध्ये त्यांनी बुशमास्टर सापाच्या विषापासून लॅकेसिस तयार केले आणि पुढे ते फिलाडेल्फियात स्थायिक झाले. अमेरिकन होमिओपॅथीचे ते जनक मानले जातात.

होमिओपॅथीची पद्धत गॅरड यांच्यापेक्षा निराळी. औषध निरोगी माणसांना द्यायचे, त्यांना काय काय जाणवते ते बारकाईने टिपायचे, आणि तशीच लक्षणे असलेल्या रुग्णाला ते औषध द्यायचे. याला 'प्रूव्हिंग' म्हणतात. हेरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिथियम कार्बोनेटचे असे प्रूव्हिंग केले. त्यातून सांधे, मूत्रमार्ग, हृदय आणि डोळे यांची लक्षणे पुढे आली.

कागदोपत्री दोन पद्धतींमध्ये जमीन-अस्मानाचे अंतर होते. पण निघालेले उत्तर जवळपास एकच होते: गाउट आणि लघवी. याचा अर्थ काय लावायचा? हेरिंग यांच्या अनुयायांना यात दोन स्वतंत्र साक्षीदारांची एकवाक्यता दिसली. मला मात्र हे साक्षीदार स्वतंत्र वाटत नाहीत. लिथियम म्हणजे युरिक आम्लावरचे औषध हे त्या काळच्या प्रत्येक डॉक्टरच्या कानावर आलेले होते. प्रयोगाला बसलेल्या माणसाला आपण काय घेतो आहोत याची कल्पना असेल, तर बोटाचा सांधा जरा अधिकच लक्षपूर्वक चाचपला जाणार. त्या काळच्या प्रूव्हिंगमध्ये हा दोष टाळण्याची काटेकोर व्यवस्था नव्हती. अर्थात तशी ती त्या काळच्या ॲलोपॅथीतही नव्हती.

एक गोष्ट मात्र नोंदवण्यासारखी आहे. मटेरिया मेडिकाच्या मोठ्या कोशांत लिथियमच्या 'मन' या सदराखालीही काही ओळी सापडतात. एकटेपणाच्या जाणिवेने रडू येणे, नावे न आठवणे, रात्रीची निराशा. पुढे जे घडले ते माहीत असलेला वाचक या ओळींवर थबकतो. पण त्यावरून लिथियम हे उन्मादाचे औषध आहे असे कोणी म्हटले नाही. सांधे आणि लघवी यांच्या मोठ्या ठशाखाली या ओळी झाकल्या गेल्या.

मात्रेचाही विचार करायला हवा. बोरिक यांनी हे औषध पहिल्या ते तिसऱ्या ट्रिच्युरेशनमध्ये द्यावे असे म्हटले आहे. म्हणजे दुग्धशर्करेबरोबर खलून ते विरळ करत जायचे. शतमान पद्धतीने तिसऱ्या पायरीला दहा लाख भागांत एक भाग लिथियम कार्बोनेट उरते. एक ग्रॅम पुडीत मिलिग्रॅमचा हजारावा हिस्सा. मानसोपचारात रोज शेकडो मिलिग्रॅम द्यावे लागते. हा फरक पुढच्या हकिकतीत कळीचा आहे, आणि गंमत अशी की विरळपणाच्या शर्यतीत होमिओपॅथीलाही मागे टाकणारा एक प्रतिस्पर्धी बाजारात उतरला होता.

बाटलीतला झरा

१८६० च्या सुमारास बुन्सेन आणि किर्शहॉफ या जर्मन शास्त्रज्ञांनी वर्णपटदर्शक हे उपकरण सिद्ध केले. ज्योतीत पदार्थाचा कण टाकला की मूलद्रव्यानुसार ठरावीक रंगाची रेघ दिसे. लिथियमची रेघ झळझळीत तांबडी. हे साधन इतके संवेदनशील होते की लिथियम जिथे तिथे दिसू लागले: समुद्राच्या पाण्यात, तंबाखूच्या राखेत, आणि अर्थातच खनिज झऱ्यांत.

झऱ्यांच्या मालकांना आणखी काय हवे होते? औषधी झऱ्यांवर जाऊन राहण्याची युरोपीय श्रीमंतांची रीत जुनीच होती. आपल्याकडे वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांत सांधेदुखीची माणसे श्रद्धेने उतरतात, तसेच ते. आता त्या श्रद्धेला रसायनशास्त्राचा दाखला मिळाला. अमेरिकेत तर 'लिथिया वॉटर' नावाची लाटच आली. व्हर्जिनियातील बफेलो लिथिया स्प्रिंग्जचे पाणी बाटल्यांत भरून देशभर जाऊ लागले. गाउट, संधिवात, मुतखडा, मूत्रपिंडाचे विकार, अपचन अशी दुखण्यांची यादी जाहिरातींत वाढत गेली आणि डॉक्टरांची प्रशस्तिपत्रे त्याखाली छापली जाऊ लागली. याच काळात लंडनचे डॉ. अलेक्झांडर हेग अर्धशिशीपासून नैराश्यापर्यंत असंख्य विकारांचे मूळ युरिक आम्लात आहे असे सांगत होते. १८९२ मध्ये त्यांचा ग्रंथ आला. युरिक आम्ल हा घरोघरचा शत्रू झाला आणि लिथिया पाणी हे त्यावरचे सभ्य, चवदार हत्यार.

१९०६ मध्ये अमेरिकेत शुद्ध अन्न व औषधांचा कायदा झाला. लेबलवर जे लिहिले असेल ते बाटलीत असले पाहिजे, असा त्याचा रोख. सरकारी रसायनशास्त्रज्ञांनी बफेलो लिथिया पाणी तपासले आणि प्रकरण न्यायालयात गेले. न्यायालयाने काढलेला हिशेब औषधांच्या इतिहासात अजरामर झाला आहे. या पाण्यातून लिथियमची औषधी मात्रा मिळवायची तर माणसाला रोज दीड लाख ते सव्वादोन लाख गॅलन पाणी प्यावे लागेल! राजधानीतून वाहणाऱ्या पोटोमॅक नदीच्या साध्या पाण्यात त्याहून पाचपट लिथियम होते. आपल्या भाषेत बोलायचे तर दहा हजार लिटरचे सत्तावन्न ते पंच्याऐंशी टँकर, रोज, एका रुग्णासाठी. कंपनीला नावातून 'लिथिया' शब्द काढून 'मिनरल' घालावा लागला.

पण लोकांच्या मनातून तो शब्द इतक्या सहज जाणारा नव्हता. १९२९ मध्ये सेंट लुइसच्या चार्ल्स ग्रिग यांनी लिंबाच्या स्वादाचे एक पेय बाजारात आणले. त्याच्या लांबलचक नावात 'लिथिएटेड' हा शब्द होता आणि पेयात लिथियम सायट्रेट होते. महामंदीच्या काळात ते खपले. पुढे त्याचे नाव सेव्हन अप झाले. १९४८ पर्यंत त्यात लिथियम होते.

डोक्यात चढलेला वात

आता थोडे मागे जाऊ. एकोणिसाव्या शतकातील डॉक्टर गाउट हा केवळ पायाचा आजार मानत नसत. तो पोटात उतरतो, हृदयात शिरतो, आणि डोक्यात चढला तर माणूस उन्मत्त होतो किंवा खिन्न होतो अशी समजूत होती. या समजुतीच्या आधारे काहींनी लिथियम मनोरुग्णांना दिले.

१८७१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॅमंड यांनी तीव्र उन्मादात लिथियम ब्रोमाइड वापरले. त्यांना वाटले गुण ब्रोमाइडचा आहे. डेन्मार्कमध्ये कार्ल लांगे यांनी १८८६ मध्ये ठरावीक काळाने परत परत येणाऱ्या नैराश्याचे वर्णन केले, त्याचे कारण युरिक आम्ल मानले आणि प्रतिबंधक म्हणून लिथियम दिले. त्यांचे बंधू फ्रिट्झ लांगे यांनी आपल्या मनोरुग्णालयात तोच उपचार केला. रुग्णांना बरे वाटत होते. पण जेव्हा युरिक आम्लाचा हा सर्वव्यापी सिद्धांत कोसळला, तेव्हा त्याच्याबरोबर हा उपचारही विस्मरणात गेला. घर पाडताना भिंतीतला हंडाही राडारोड्याबरोबर फेकून द्यावा, तसे झाले. सिद्धांत खोटा होता, पण त्याच्या पोटातले निरीक्षण खरे होते, आणि ते वेगळे काढून जपावे असे कुणाला सुचले नाही.

मेलबर्नची खोली

ते पुन्हा सापडले ऑस्ट्रेलियात, आणि सापडले तेही युरिक आम्लामुळेच.

जॉन केड हे मेलबर्नजवळच्या बुंडूरा येथील सैनिकांच्या मनोरुग्णालयातले डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडल्यावर त्यांनी साडेतीन वर्षे चांगीच्या जपानी युद्धकैदी छावणीत काढली होती. तिथल्या सोबत्यांचे आजार पाहून त्यांच्या मनात विचार घोळू लागला की मनाच्या काही विकारांमागे शरीरातलेच काही द्रव्य असावे. परतल्यावर त्यांनी रुग्णालयातल्या एका वापरात नसलेल्या खोलीत प्रयोग मांडला. उपकरणे जवळजवळ नव्हतीच. उन्मादाच्या रुग्णांची लघवी गोळा करायची आणि ती गिनीपिगना टोचायची. या बाटल्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवल्या जात, अशी आठवण त्यांच्या कुटुंबात सांगितली जाते.

उन्मादाच्या रुग्णांची लघवी इतरांपेक्षा अधिक विषारी ठरते असे केड यांना वाटले. त्यात युरिक आम्लाचा हात आहे का, हे पाहायचे होते. पण युरिक आम्ल पाण्यात विरघळता विरघळत नाही. तेव्हा त्याचा सर्वांत विद्राव्य क्षार कोणता? लिथियम युरेट. शंभर वर्षांपूर्वीचे लिपोविट्झ आणि गॅरड यांचे रसायन इथे कामाला आले. टोचल्यावर गिनीपिग शांत झाले. मग केड यांनी युरिक आम्ल वगळून नुसते लिथियम कार्बोनेट दिले. तरीही प्राणी शांत. उताणे केले तर धडपड न करता टकमक बघत पडून राहत. ते कदाचित लिथियमच्या विषबाधेनेच मंदावले असावेत, असे पुढच्या अभ्यासकांनी म्हटले आहे. पण केड यांना सुगावा लागला होता. त्यांनी आधी स्वतः लिथियम घेऊन पाहिले आणि मग १९४८ च्या मार्च महिन्यात पहिल्या रुग्णाला दिले.

हा रुग्ण ५१ वर्षांचा होता. पाच वर्षे तो सतत उन्मादावस्थेत होता. घरी जाण्याची आशा कुणालाच उरली नव्हती. काही आठवड्यांत तो सावरला, जुलैत घरी गेला, आपल्या जुन्या कामावर रुजू झाला. केड यांनी उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियम दिले आणि दहाही सुधारले. ३ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांचा लेख 'मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलिया'त प्रसिद्ध झाला.

मोजमाप

गोष्ट इथे संपली असती तर ती सुखान्त ठरली असती. पण त्याच वर्षी अमेरिकेत लिथियमने माणसे मारली होती. हृदयविकाराच्या रुग्णांना मीठ वर्ज्य असते. त्यांच्यासाठी सोडियमऐवजी लिथियम क्लोराइड असलेले 'पर्यायी मीठ' दुकानांत आले होते आणि लोक ते जेवणावर हवे तितके भुरभुरवत होते. रक्तातले सोडियम कमी असले की मूत्रपिंडे लिथियम धरून ठेवतात. म्हणजे ज्यांना ते सर्वांत घातक, त्यांच्याच ताटात ते पडत होते. मृत्यू झाले आणि १९४९ च्या सुरुवातीलाच हे मीठ बाजारातून काढून घेतले गेले.

केड यांचा पहिला रुग्णही वाचला नाही. घरी बरे वाटल्यावर त्याने औषध सोडले, १९४९ च्या जानेवारीत तो पुन्हा रुग्णालयात आला, पुन्हा लिथियम सुरू झाले, कधी थांबले, कधी वाढले. १९५० च्या मे महिन्यात तो लिथियमच्या विषबाधेने गेला. ज्या औषधाने त्याला घरी पाठवले त्यानेच त्याचा जीव घेतला. केड यांनी हे मनाला लावून घेतले आणि आपल्या रुग्णालयात लिथियमचा वापर थांबवला.

लिथियमला जिवंत ठेवले ते मोजमापाने. मेलबर्न विद्यापीठातील एडवर्ड ट्राउटनर यांनी रुग्णांच्या रक्तातले लिथियम नियमित मोजायला सुरुवात केली आणि १९५१ मध्ये नोआक यांच्यासह शंभराहून अधिक रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. मात्रा किती याला फारसा अर्थ नव्हता. रक्तात किती उरते याला होता. मग डेन्मार्कचे मोगेन्स शाऊ पुढे आले. त्यांच्या सख्ख्या भावालाच वारंवार नैराश्याचे झटके येत. १९५४ मध्ये त्यांनी तुलनात्मक चाचणी केली आणि १९६७ मध्ये बास्ट्रुप यांच्यासह दाखवले की लिथियम चालू ठेवले तर झटके परत येण्याचे प्रमाण घटते. लगेच १९६८ मध्ये लंडनच्या ब्लॅकवेल आणि शेफर्ड यांनी ही आणखी एक वैद्यकीय दंतकथा तर नव्हे, असा जाहीर प्रश्न विचारला. प्रश्न बोचरा होता, पण लिथिया पाण्याचा इतिहास पाहता अगदी रास्त होता. शाऊ आणि बास्ट्रुप यांनी उत्तर दिले ते नव्या चाचणीने. काही रुग्णांना लिथियम आणि काहींना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी, आणि कोणाला काय मिळते हे डॉक्टर-रुग्ण दोघांनाही माहीत नाही. १९७० मध्ये निकाल आला. निष्क्रिय गोळीवर गेलेल्यांचे आजार परतले, लिथियमवर असलेले टिकून राहिले. त्याच वर्षी अमेरिकेत उन्मादावरील औषध म्हणून लिथियमला मान्यता मिळाली.

आणि गाउट? त्याचे उत्तर दुसरीकडेच सापडले. युरिक आम्ल विरघळवण्याऐवजी ते तयार होणेच कमी करणारे ॲलोप्युरिनॉल १९६० च्या दशकात आले. त्यामागे असलेल्या जॉर्ज हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिकातला वाटा मिळाला.

एकाच नावाच्या दोन पुड्या

या इतिहासातला शेवटचा उपरोध मूत्रपिंडाशी जोडलेला आहे. ज्या लिथियमला दीडशे वर्षे लघवीच्या तक्रारींवरचे औषध म्हटले, ते खऱ्या मात्रेत दीर्घकाळ घेतले तर लघवीची तक्रार निर्माण करू शकते. फार तहान लागते, वारंवार लघवीला होते, आणि काही रुग्णांत मूत्रपिंडांचे काम मंदावते. थायरॉइडवरही परिणाम होऊ शकतो. म्हणून लिथियम घेणाऱ्याने ठरावीक काळाने रक्तातली पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉइड तपासून घ्यायचे असते. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडे पडले, उन्हाळ्यात घाम फार गेला, किंवा सांधेदुखीसाठी काही वेदनाशामक गोळ्या घेतल्या, तरी पातळी धोक्याकडे सरकू शकते.

लिथिया पाणी आणि तिसऱ्या ट्रिच्युरेशनची पुडी निरुपद्रवी राहिली, कारण त्यांत लिथियम नसल्यासारखेच होते. पर्यायी मिठाने माणसे मेली, कारण त्यात ते होते आणि कोणी मोजत नव्हते. औषध ठरले ते या दोन टोकांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात, आणि तो पट्टा रक्त तपासल्याशिवाय दिसत नाही.

आपल्याकडे ही बाब पुस्तकी नाही. बायपोलर विकार असलेला माणूस अनेक कुटुंबांत आहे, आणि त्याचा आजार बहुधा बंद दाराआड ठेवला जातो. तो चार-सहा महिने बरा राहिला की घरातले म्हणू लागतात, आता कशाला त्या कडक गोळ्या, काहीतरी सौम्य घेऊ. केमिस्टच्या पाकिटावरही लिथियम कार्बोनेट आणि होमिओपॅथीच्या बाटलीवरही लिथियम कार्बोनिकम, तेव्हा एकाच्या जागी दुसरे चालेल असेही कोणाला वाटू शकते. नावापुरतेच ते एक आहे. मात्रेत लाखो पटींचा फरक आहे, आणि एकाएकी लिथियम थांबवले तर उन्माद अधिक जोराने उलटण्याचा आणि आत्महत्येचा धोका वाढतो, हे आता पुरेसे सिद्ध झाले आहे. गोळी बदलायची, कमी करायची किंवा थांबवायची तर ती देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून, हळूहळू. केड यांचा पहिला रुग्ण बरे वाटले म्हणून औषध सोडून परत आला होता, आणि परतल्यावर त्याच्या रक्तात किती लिथियम आहे हे सांगणारी चाचणी त्याच्या डॉक्टरांपाशी नव्हती. आज ती जिल्ह्याच्या गावी तरी बहुधा होते. तिचा कागद औषधाच्या पाकिटाइतकाच जपून ठेवायला हवा.